पडद्यावरचे शेजारी

मित्रांनो, सिनेमा आवडत नाही असा एक तरी मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात सापडेल का? मला नाही वाटत. कुणाला मारामारीचे चित्रपट आवडतात, कुणाला पोट धरून हसवणारे, तर कुणाला डोळ्यांत पाणी आणणारे. मधल्या सुट्टीत एकीकडे डब्यातल्या खाऊची वाटणी होते आणि दुसरीकडे पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट रंगते. सांगणारा हातवारे करतो, आवाज बदलतो, मध्येच उठून उभा राहतो. ऐकणाऱ्यांना घंटा झालेलीही कळत नाही.

मलाही पाहिलेल्या चित्रपटांविषयी बोलायला फार आवडते. आज तुमच्याशी तेच बोलायचे मी ठरवले आहे. हे चित्रपट एका काळातले नाहीत, एका भाषेतले नाहीत आणि एका प्रकारचेही नाहीत. काही मुके आहेत, काही बोलके. काही काळे-पांढरे आहेत, काही रंगीत. पण एक गोष्ट या सर्वांत सारखी आहे. त्यांनी मला हाताला धरून दुसऱ्या कुणाच्या तरी घरात नेऊन बसवले.

उर्दूत शेजाऱ्यासाठी ‘हमसाया’ असा एक सुंदर शब्द आहे. हमसाया म्हणजे एकाच सावलीत राहणारा. मला वाटते, चित्रपटगृहातला अंधार हीसुद्धा एक मोठी सावलीच आहे. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, त्याची भाषा कोणती, तो कोणत्या मोहल्ल्यातून आला, हे तिथे कुणी विचारत नाही. सगळे एकाच वेळी हसतात आणि एकाच वेळी गप्प होतात. पडद्यावर दिसणारी माणसेही त्या दोन-तीन तासांपुरती आपली हमसाया होतात.

आपल्या देशात चित्रपटाची सुरुवातसुद्धा अशीच, दुसऱ्याच्या घरात डोकावून झाली. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट पाहिला. डोळ्यांसमोर ख्रिस्त होता आणि मनात राम-कृष्ण दिसत होते. दुसऱ्यांची गोष्ट पाहता पाहता आपलीही गोष्ट पडद्यावर आणावी, असे त्यांना वाटले. त्या ध्यासातून ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांनी पाहिला. त्या काळी चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार होत नसत. म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या!

ही सारी हकिकत परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ सालच्या मराठी चित्रपटात मोठ्या गमतीने सांगितली आहे. तो अवश्य पाहा. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे समजत. म्हणून ‘आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो’ असे सांगा, असे फाळके आपल्या माणसांना शिकवत. हा चित्रपट पाहताना मला सर्वांत जास्त आवडले ते फाळक्यांचे घर. पैसा नाही, घरातले सामान विकायची वेळ आलेली. पण बायको, मुले, सगळे त्या एका वेडात आनंदाने सामील झालेले!

मग पडदा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात आर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट लागला. दिग्दर्शक पारशी, नायिका जुबेदा, नायक मास्टर विठ्ठल आणि भाषा हिंदी-उर्दू मिसळलेली हिंदुस्थानी. मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले गाजलेले मराठी नट होते. घोडदौड, तलवारबाजी यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण आता बोलायचे होते, आणि तेही उर्दूत! त्यांची जीभ त्या शब्दांना सरावली नव्हती. म्हणून चित्रपटात त्यांना फार थोडे बोलायला दिले, असे सांगतात. मराठीच्या तासाला वाचायला उभे राहिल्यावर तुमच्यापैकी ज्यांची जीभ ‘ळ’ या अक्षराशी अडखळते, त्यांनी मास्टर विठ्ठल यांची आठवण जरूर ठेवावी. दुसऱ्याची भाषा बोलताना मोठमोठे वीरही अडखळतात.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. काही छायाचित्रे आहेत, आठवणी आहेत. पण तो आवाज कायमचा हरवला. पहिल्यांदा बोलला तोच चित्रपट आज मुका झाला आहे. मला त्याचे फार वाईट वाटते.

‘आलम आरा’नंतर पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. गोष्ट पुन्हा राजा हरिश्चंद्राचीच होती. पण आता तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. मुंबईच्या एका प्रतिष्ठित मराठी घरातल्या या बाईंनी चित्रपटात काम करायचे धाडस केले आणि पुढच्या किती तरी मुलींची वाट मोकळी झाली. दुर्गाबाईंना मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिले ते मात्र तारामती म्हणून नव्हे, तर जोधाबाई म्हणून.

तुम्ही ओळखलेच असेल, मी ‘मुघल-ए-आझम’विषयी बोलतो आहे. के. आसिफ यांचा हा भव्य चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात झळकला. त्यातले अकबर म्हणजे पृथ्वीराज कपूर. ‘आलम आरा’त काम केलेलेच हे पृथ्वीराज! सलीम झाले होते दिलीपकुमार आणि अनारकली मधुबाला. मूळ चित्रपटाचा मोठा भाग काळा-पांढरा आणि थोडा रंगीत होता. २००४ मध्ये तो पूर्ण रंगीत करून पुन्हा दाखवला गेला. शीशमहालातले ते दृश्य कोण विसरेल? खाली एक अनारकली नाचते आणि छतावरच्या प्रत्येक आरशात एकेक अनारकली दिसते. बादशहाने नजर वळवली तरी ती समोर आहेच!

पण मला आठवतो तो सुरुवातीचा अकबर. मुलगा व्हावा म्हणून दुआ मागायला तो तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत जातो. ज्या मुलासाठी पाय भाजून घेतले, त्याच मुलाशी पुढे त्याला लढावे लागते. जोधाबाई बिचारी दोघांच्या मध्ये उभी. तिला नवराही हवा आहे आणि मुलगाही. अशा वेळी तो महाल, ते तख्त, तो लवाजमा सगळे दिसेनासे होते. बाप आणि मुलगा भांडत असताना दाराशी उभी राहणारी एखादी आई तुमच्या गल्लीतही असेल.

आता तुम्ही म्हणाल, ‘उर्दू आम्हांला कळते; पण जी भाषा कळत नाही, तिच्यातला चित्रपट कसा कळणार?’ यावर चार्ली चॅप्लिनने फार गमतीचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्याचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ सालचा. तोवर जगभर बोलपट आले होते, तरी चार्लीने या चित्रपटात आपल्या भटक्या नायकाला जवळजवळ मुकाच ठेवला. हा गरीब माणूस कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहून दिवसभर नट पिळतो. पिळून पिळून त्याच्या हातांना अशी सवय लागते, की काम थांबले तरी हात थांबत नाहीत. आपण खदखदून हसतो. हसता हसता मनात येते, असे हात आपण कुठे तरी पाहिलेले आहेत. यंत्रमागावर, शिलाई मशीनवर, विडीच्या सुपापाशी.

याच चित्रपटात शेवटी चार्लीला एका हॉटेलात गाणे म्हणायचे असते. गाण्याचे शब्द त्याने बाहीच्या कफवर लिहून घेतलेले असतात. पण हात उडवताना तो कफच उडून जातो! मग तो मनाला येईल त्या भाषेत गातो. ती भाषा जगात कुठेच नाही. तिला काही अर्थ नाही. तरी त्याच्या डोळ्यांवरून आणि हातांवरून साऱ्या हॉटेलाला गाणे कळते, आणि आपल्यालाही.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा १९५५ सालचा बंगाली चित्रपटही असाच. बंगालचे एक खेडे, पडके घर, गरीब भटजी, त्याची बायको, म्हातारी आत्या आणि दोन मुले: दुर्गा आणि तिचा लहान भाऊ अपू. पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतातून ही दोघे आगगाडी पाहायला धावतात. पुढे पावसात भिजून दुर्गा तापाने जाते. घरचे लोक गाव सोडायला निघतात, तेव्हा अपूला फळीवर एक माळ सापडते. ही माळ चोरल्याचा आळ पूर्वी दुर्गावर आलेला असतो, आणि तिने तो नाकारलेला असतो. अपू कुणाला काही सांगत नाही. पळत जाऊन ती माळ तो तळ्यात टाकतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर बाजूला होते आणि हळूहळू पुन्हा मिटते. त्या वेळी पडद्यावर कुणी एक शब्दही बोलत नाही. बहिणीची लाज राखणाऱ्या भावाला कोणत्या भाषेची गरज आहे?

आता माझ्या फार जवळच्या एका चित्रपटाविषयी सांगतो. त्याचे नावच ‘शेजारी’. व्ही. शांताराम यांनी तो १९४१ मध्ये प्रभात कंपनीसाठी पुण्यात काढला. त्याच वेळी ‘पडोसी’ या नावाने तो हिंदीतही निघाला. एका गावात एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा एकमेकांच्या शेजारी राहतात. दोघांची मैत्री जिवाभावाची. गावाजवळ धरण बांधायला आलेल्या मालकाला त्यांची एकजूट नकोशी होते. तो दोघांत वितुष्ट आणतो. कालपर्यंत एकमेकांवाचून न राहणारे एकमेकांकडे पाहीनासे होतात. शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे पुन्हा एकत्र येतात. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

या चित्रपटात एक विशेष गोष्ट आहे. ‘पडोसी’मध्ये हिंदू म्हाताऱ्याचे काम मजहर खान यांनी केले आणि मिर्झाचे काम गजानन जागीरदार यांनी. म्हणजे मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान! शांतारामांनी हे मुद्दामच केले होते. शेजाऱ्याचे दुःख समजून घ्यायचे, तर थोडा वेळ त्याच्या घरात राहावे लागते, त्याचे कपडे अंगावर घालावे लागतात. हा चित्रपट आला तेव्हा देशाच्या फाळणीला सहा वर्षे बाकी होती.

फाळणीनंतर काय झाले, ते एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’त दिसते. इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा हा चित्रपट १९७४ मध्ये लोकांसमोर आला. आग्र्यात जोड्यांचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा आपले गाव सोडायला तयार नाहीत. पण नातेवाईक एकेक करून पाकिस्तानला जातात, धंदा बसतो, राहती हवेलीही हातची जाते. सलीम मिर्झांची भूमिका बलराज साहनी यांनी केली. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, १९७३ मध्ये, त्यांचे निधन झाले. या चित्रपटातली म्हातारी आई मला विसरता येत नाही. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती लाकडांच्या ढिगाआड लपून बसते. तिला उचलून न्यावे लागते. पुढे अखेरच्या घटकेला तिला पालखीत घालून त्याच हवेलीत आणतात, तेव्हा कुठे तिचा जीव शांत होतो. ज्यांचे घर धरणात गेले, ज्यांची चाळ पाडली गेली, त्यांना ही आजी लगेच ओळखता येईल.

तुम्ही कंटाळला असाल, तर आता थोडी मारामारी! १९७५ सालचा ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. गब्बरसिंग सगळ्यांना पाठ आहे. पण गब्बरची नक्कल करणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारतो, ‘त्यातले इमामसाहेब आठवतात का?’ डोळ्यांनी अंध असलेल्या त्या म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा अहमद नोकरीसाठी गाव सोडून निघतो, आणि त्याचे प्रेत घोड्यावरून परत येते. गाव घाबरते. पण ज्याचे सर्वस्व गेले, तो अंध बापच गावाला धीर देतो. ही भूमिका केली ए. के. हंगल यांनी, आणि अहमद झाला होता आपला मराठमोळा सचिन पिळगावकर.

याच सचिनने पुढे १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. मराठी पक्के व्हावे असे वाटत असेल, तर आधी हाच चित्रपट पाहा. हसता हसता शंभर शब्द कधी कानात शिरतील, ते कळणारही नाही. पुण्यात चार मित्रांना राहायला खोली मिळत नाही, कारण घरमालकीण फक्त जोडप्यांनाच घर देणार. मग सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून बायका होतात आणि अशोक सराफ सगळ्यांना सांभाळता सांभाळता घामाघूम होतात. १९१३ मध्ये बाई मिळेना म्हणून पुरुषाने लुगडे नेसले, १९८८ मध्ये घर मिळेना म्हणून! ही मूळ कल्पना १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातली. पण त्या हसण्याखाली एक खरी गोष्ट आहे. नाव, जात, धर्म, लग्न झाले की नाही, हे विचारून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्या शहरांत पुष्कळांना आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पडद्यावर दिसणारा प्रत्येक शेजारी खरा नसतो. डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा आणि तोंडात शेर, एवढ्यावरच किती तरी चित्रपटांतले मुसलमान पात्र संपते. मराठी बाई दाखवायची तर भांडी घासणारी आणि मराठी माणूस म्हटला की हवालदार, असेही पुष्कळदा दिसते. अशा वेळी मी मनाशी काही साधे प्रश्न विचारतो. या माणसाला घर आहे का? त्याला कशाची भीती वाटते? त्याचे कुणावर प्रेम आहे? उत्तर मिळाले नाही, तर समजावे की दिग्दर्शक त्याच्या घरी गेलेलाच नाही. बाहेरूनच चित्र काढून परत आला आहे.

इराणच्या माजिद मजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ या १९९७ सालच्या चित्रपटात या प्रश्नांची उत्तरे पहिल्या दहा मिनिटांतच मिळतात. तेहरानमधल्या गरीब घरातला अली बहिणीचे बूट दुरुस्त करून आणताना हरवतो. वडिलांकडे नव्या बुटांसाठी पैसे नाहीत. मग दोघे भावंडे एकच बुटांची जोडी वापरतात. जहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. शाळा सुटली की ती गल्लीगल्लीतून धावत येते आणि तो बूट घालून धावत सुटतो. दोन पाळ्यांच्या शाळेत शिकणाऱ्यांना ही धावपळ वेगळी समजावून सांगायला नको!

एके दिवशी जहराला आपले बूट दुसऱ्याच एका मुलीच्या पायांत दिसतात. बहीण-भाऊ तिच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत जातात. तेवढ्यात त्या मुलीचे वडील बाहेर येतात. ते अंध आहेत, फेरीवर निघाले आहेत. दोघे भावंडे एकमेकांकडे पाहतात आणि बूट न मागता मुकाट्याने मागे वळतात. या चित्रपटाची भाषा फारसी आहे. तुमच्या उर्दूत तिचे किती तरी शब्द आहेत. आणि मराठीत? ‘शहर’, ‘बाजार’, ‘जमीन’, ‘हजार’ हे शब्द मराठीने तिथूनच घेतले. भाषासुद्धा एकमेकींच्या शेजारी राहतात आणि साखर-चहापत्ती मागून आणतात.

शेवटचा चित्रपट ‘श्वास’. संदीप सावंत यांचा हा मराठी चित्रपट २००४ मध्ये आला. त्याला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर हा मान मिळवणारा तो दुसरा मराठी चित्रपट. कोकणातले आजोबा आपल्या छोट्या नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. जीव वाचवायचा, तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि दृष्टी कायमची जाईल. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला गुपचूप रुग्णालयाबाहेर नेतात आणि दिसेल ते सारे डोळे भरून पाहू देतात. रस्ते, माणसे, रंग, खेळणी. तो मुलगा ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी आपणही पाहू लागतो. चित्रपट संपल्यावर बाहेर आलो, तर नेहमीचा रस्ता मला किती तरी वेळ नवा दिसत होता.

मित्रांनो, ज्याच्या घरी आपण कधी गेलो नाही, त्याच्याविषयी कुणीही काहीही सांगितले तरी खरे वाटते. ज्याची आजी लाकडांआड लपलेली आपण पाहिली, ज्याच्या भावाने माळ तळ्यात टाकलेली पाहिली, त्याच्याविषयी वाईट ऐकताना मन जरा थांबते. म्हणून माझी तुम्हांला एक विनंती आहे. या सुट्टीत एक तरी मराठी चित्रपट पाहा. प्रत्येक शब्द कळला नाही तरी घाबरू नका. आणि तुमच्या शेजारी एखादा मराठी बोलणारा मित्र असेल, तर त्याला ‘गर्म हवा’ पाहायला बोलवा. उर्दू शब्द अडला की तुम्ही त्याला अर्थ सांगा. मग तो त्याच्या घरी तुम्हांला ‘श्वास’ दाखवेल, आणि अडलेले शब्द समजावून सांगायची पाळी त्याची असेल.